ॲक्सेसच्या पोटात: सेव्हॲजटेक्स्ट नेमकं काय लिहितं?

खतावणी (धागाकर्ता)

एका पतसंस्थेची मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममधली जुनी प्रणाली सध्या माझ्या गळ्यात आहे. मूळ एमडीबी या जुन्या फाइल प्रकारात, पुढे कोणीतरी एसीसीडीबी या नव्या प्रकारात आणलेली. फॉर्म, अहवाल, क्वेऱ्या असा भरपूर पसारा, आणि काम करणारी माणसं आपापल्या प्रतींवर काम करतात. कोणी कुठे काय बदललं हे कळायला मार्ग नाही, कारण सगळा संसार एकाच बायनरी फाइलीत. गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, न्यायचं तर आधी हे मजकुराच्या रूपात बाहेर यायला हवं.

मेनूत जी निर्यात आहे ती डेटाची: एक्सेल, सीएसव्ही, पीडीएफ, एक्सएमएल. फॉर्मचा आराखडा बाहेर काढायचं बटण नाही. सोय मात्र आहे, झाकून ठेवलेली. व्हीबीए (ॲक्सेसमधली प्रोग्रामिंगची भाषा) एडिटरमध्ये एफ२ दाबून ऑब्जेक्ट ब्राउझर उघडा, राइट क्लिक करून 'शो हिडन मेंबर्स' चालू करा. ॲप्लिकेशन या क्लासखाली करड्या अक्षरांत सेव्हॲजटेक्स्ट आणि लोडफ्रॉमटेक्स्ट ही दोन नावं दिसायला लागतात. पहिलं वस्तू मजकुरात बाहेर काढतं, दुसरं मजकुरातून परत आत घेतं. मदतीच्या पानांवर त्यांच्याबद्दल धड समजावून सांगणारं काही नाही. तरी ॲक्सेस ९७ पासून दोघं तिथेच ठाण मांडून आहेत.

सेव्हॲजटेक्स्टला तीन गोष्टी लागतात: वस्तूचा प्रकार, तिचं नाव, फाइलीचा पत्ता. प्रकाराचे आकडे असे: १ क्वेरी, २ फॉर्म, ३ अहवाल, ४ मॅक्रो, ५ मॉड्यूल. टेबलाला चिकटलेले डेटा मॅक्रो ॲक्सेस २०१० मध्ये आले, त्यांचा आकडा १२. शून्य म्हणजे टेबल, पण टेबल इथून बाहेर पडत नाही. त्यासाठी एक्स्पोर्टएक्सएमएल आहे, आणि त्याची माहिती मात्र रीतसर छापलेली आहे.

बाहेर पडलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडली की वर व्हर्जन, व्हर्जनरिक्वायर्ड, मग चेकसम (पडताळणीचा आकडा), मग 'बिगिन फॉर्म', आणि पुढे बिगिन-एंडची उतरंड. सगळ्यात खाली 'कोडबिहाइंडफॉर्म' अशी ओळ आणि त्याखाली फॉर्ममागचा व्हीबीए कोड. हे सगळं वाचता येतं. अडचण अशी की दोन संगणकांवरून एकाच फॉर्मची निर्यात केली, आराखड्याला कोणी हातसुद्धा लावलेला नसला, तरी फाइली जुळत नाहीत. गिटच्या दृष्टीने रोज सगळं बदललेलं.

म्हणून धागा. यातल्या कुठल्या ओळी खरा आराखडा आणि कुठल्या यंत्राचं उष्टं, हे ज्यांनी खणून पाहिलंय त्यांनी लिहावं. माझ्या माहितीत चेकसमची ओळ काढून टाकली तरी लोडफ्रॉमटेक्स्ट कुरकुर करत नाही. पीआरटीडेव्हमोड आणि पीआरटीएमआयपी या नावांखाली हेक्सचे (सोळाच्या पायावरच्या आकड्यांचे) ठोकळे असतात, त्यांचं काय करायचं?

ओसरी

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही असलंच एक प्रकरण पडून आहे.

सोळाआणे

खतावणीराव, दोन्ही ठोकळ्यांना एकच न्याय लावू नका.

पीआरटीडेव्हमोड म्हणजे विंडोजची डेव्हमोड ही प्रिंटरच्या सेटिंगची रचना, जशीच्या तशी हेक्समध्ये ओतलेली. तिच्या तोंडाशी ३२ अक्षरांची जागा प्रिंटरच्या नावासाठी राखीव असते. शेवटी डब्ल्यू असलेला जोडीदार ठोकळा त्याचीच युनिकोड आवृत्ती. सुरुवातीलाच ५सी ५सी दिसलं तर त्या दोन उलट्या तिरक्या रेघा आहेत, म्हणजे नेटवर्कवरचा प्रिंटर, आणि पुढचे बाइट वाचत गेलात तर सर्व्हरचं नाव हाती लागतं. तुमच्या फाइली जुळत नाहीत त्याचं मोठं कारण हेच: ज्या संगणकाला जो प्रिंटर, त्याचं नाव फॉर्मात. पीआरटीडेव्हनेम्स त्याचाच भाऊ. हे दोन्ही बिनधास्त उडवा. नाहीतर सार्वजनिक रेपॉझिटरीत संस्थेच्या सर्व्हरची नावं टांगून याल.

पीआरटीएमआयपीला मात्र हात लावण्याआधी वाचून घ्या. त्यात पानाचे समास आहेत. गंमत म्हणजे निर्यातीच्या फंक्शनची माहिती कुठे नाही, पण या ठोकळ्याची रचना गुणधर्माच्या मदत पानावर दिलेली आहे. अनेक निर्यात फाइलींत तो '६८०१०००० ६८०१०००० ६८०१०००० ६८०१००००' असा सुरू होतो. चार-चार बाइटांचे गट, बाइट उलटे. ६८ ०१ उलटं केलं की हेक्स ०१६८, म्हणजे दशमानात ३६०. एकक ट्विप, एका इंचात १४४०. तेव्हा चारही बाजूंना पाव इंच, ६.३५ मिलिमीटर. पुढे छापायच्या मजकुराची रुंदी-उंची, आणि त्यापुढे रकान्यांची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर.

पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापणारा बहुरकानी अहवाल असेल आणि तुम्ही हा ठोकळा कचरा म्हणून फेकलात, तर परत आयात केल्यावर सगळे पत्ते एका रकान्यात रांगेने उभे. गिटसाठी फाइली स्वच्छ करणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट डोळे मिटून दोन्ही उडवतात. आयती स्क्रिप्ट उचलली असेल तर हे आधी तपासा.

अर्धविराम

> पुढचे बाइट वाचत गेलात तर सर्व्हरचं नाव हाती लागतं

हे वाचून लगेच आमची फाइल उघडली. चार वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या प्रिंटरचं नाव अजून आत नांदतंय! त्याचा आत्मा तरी मुक्त करतो.

एक शंका: नेममॅप आणि जीयूआयडी नावाचेही हेक्स ठोकळे दिसतात. ते?

सोळाआणे

नेममॅप हे 'नेम ऑटोकरेक्ट' सोयीचं टिपण. टेबलातल्या फील्डचं नाव बदललं की फॉर्ममध्ये आपोआप बदलावं म्हणून ठेवलेलं. ती सोय बहुतेक जाणकार पहिल्या दिवशीच बंद करतात. बंद असेल तर नेममॅप काढून टाकल्याने काही अडत नाही. जीयूआयडी, म्हणजे वस्तूला दिलेला एकमेव ओळख-क्रमांक, त्याचंही तेच.

शिस्तप्रिय

विरोधी सूर लावतो, राग नसावा.

जे निर्मात्याने कागदावर आणलेलं नाही त्यावर पतसंस्थेची प्रणाली उभी करणं मला पटत नाही. उद्याच्या अपडेटमध्ये ही दोन नावं गायब झाली तर तक्रार कोणाकडे करणार? ते म्हणतील, आम्ही कधी सांगितलं होतं वापरा म्हणून? सरळ डेटा एखाद्या नीट सर्व्हरवर न्या आणि पडदे नव्याने लिहा.

खतावणी

शिस्तप्रिय, पैसे कोण देणार ते सांगा, उद्यापासून सुरू करतो. :)

मस्करी बाजूला. एकेकाळी ॲक्सेसला व्हिज्युअल सोर्ससेफसारखी आवृत्त्या सांभाळणारी (सोर्स कंट्रोलची) साधनं जोडता यायची. त्या जोडणीलाही प्रत्येक फॉर्म मजकूर करून बाहेर काढावाच लागत होता. म्हणजे ही फंक्शनं कोणी विसरून ठेवलेली नाहीत, घरच्याच कामासाठी बनलेली आहेत. पुढे ॲक्सेस २०१३ मध्ये ती सोर्स कंट्रोलची जोडणी काढून टाकली, सर्व्हरवरच्या डेटाबेसला थेट जोडलेले एडीपी प्रकल्प काढून टाकले, ॲक्सेस ९७ च्या फाइली उघडणंही बंद केलं. म्हणजे रीतसर छापलेल्या, जाहिरात केलेल्या गोष्टी गेल्या. लपवलेली दोन फंक्शनं राहिली. आज गिटसाठी जी मुक्तस्रोत ॲड-इन आहेत ती यांच्यावरच चालतात.

जोखीम नाही असं म्हणत नाही. पण फंक्शन गेलं तरी तोवर निघालेल्या फाइली आपल्याजवळ मजकुरात राहतातच. निर्यात न करता बसलो तर तेवढंही नाही.

शिस्तप्रिय

हा शेवटचा मुद्दा मान्य. बाकी मत कायम.

जोडाक्षर

मराठी मजकुराचं काय होतं त्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी नेमकी तिथेच अडकले होते.

फॉर्म, अहवाल, क्वेरी, मॅक्रो यांच्या फाइली यूटीएफ-१६ या युनिकोड पद्धतीत निघतात, सुरुवातीला बीओएमसकट (ती पद्धत ओळखायची खूण). त्यामुळे लेबलावर 'सभासद क्रमांक' असेल तर फाइलीतही तो सुखरूप असतो. मॉड्यूलची फाइल मात्र एएनएसआयमध्ये, म्हणजे त्या संगणकाच्या कोड पेजमध्ये (ठरावीक लिप्यांपुरत्या जुन्या अक्षरतक्त्यात). आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये एएनएसआय कोड पेज कधी नव्हतंच. रशियनला आहे, ग्रीकला आहे, थाईला आहे. हिंदी-मराठी विंडोजवर आल्या त्या थेट युनिकोडच्या दारातून. त्यामुळे व्हीबीए एडिटरमध्ये अवतरणात 'नमस्कार' चिकटवलं की तिथल्या तिथे प्रश्नचिन्हं होतात.

आता यातली मेख. फॉर्मच्या फाइलीत खाली कोडही असतो आणि अख्खी फाइल यूटीएफ-१६ असते. म्हणून वाटतं की कोडातलं मराठी वाचलं असेल. नाही. कोड डेटाबेसमध्ये साठवतानाच प्रश्नचिन्हं झालेली असतात, निर्यात फक्त ती प्रश्नचिन्हं सुबकपणे लिहून देते. परत मिळवायला काही उरलेलं नसतं.

बरं, फाइलीत जाऊन हाताने देवनागरी लिहिली आणि लोडफ्रॉमटेक्स्टने आत घेतली तर? आत जाताना पुन्हा प्रश्नचिन्हं.

उपाय दोन. एक, सीएचआरडब्ल्यू या फंक्शनने युनिकोड क्रमांकावरून अक्षरं जोडायची: २३४४, २३५०, २३६०, २३८१, २३२५, २३६६, २३५२ म्हणजे 'नमस्कार'. काम होतं, पण सहा महिन्यांनी वाचणारा शिव्या घालतो. दुसरा आणि शहाणा उपाय: सगळे संदेश एका टेबलात ठेवायचे, कोडात फक्त संदेशाचा क्रमांक. टेबलात युनिकोडला काही अडचण नाही.

इतकं करूनही व्हीबीएची मेसेजबॉक्स प्रश्नचिन्हंच दाखवते, कारण तिचा कारभारही एएनएसआयचा. तिथे विंडोजच्या मेसेजबॉक्सडब्ल्यू या फंक्शनला स्ट्रपीटीआर या फंक्शनने मजकुराचा मेमरीतला पत्ता द्यावा लागतो. किंवा सरळ छोटा फॉर्म करून लेबलात दाखवा.

अर्धविराम

जोडाक्षरताई, विंडोज १० मध्ये 'जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरा' असा एक पर्याय प्रादेशिक सेटिंगमध्ये आहे, पुढे बीटा लिहिलेला. तो चालू केला तर?

जोडाक्षर

तो चालू केला की अख्ख्या संगणकाचं एएनएसआय कोड पेज ६५००१ होतं. फक्त ॲक्सेसचं नाही, सगळ्या जुन्या प्रणालींचं. शेजारच्या टेबलावरच्या संगणकात तो बंद असेल तर मॉड्यूलची एकच फाइल दोघांना वेगळी दिसते. एकट्याने काम करत असाल तर प्रयोग करा. चारजण असाल तर नको.

पाटीपेन्सिल

आमचं दुखणं याच्याही आधीचं. आमच्या फॉर्मवरचं मराठी युनिकोड नाहीच. डीव्हीबी-टीटीसुरेखसारख्या जुन्या फॉन्टात टंकलेलं. फाइल उघडली तर कॅप्शनच्या ओळीत युरोपीय टिंबांची आणि टोप्यांची खिचडी. एकेका लेबलावर जाऊन पुन्हा टंकायचं म्हटलं तर वर्ष जाईल. या निर्यातीचा काही उपयोग होईल का?

सोळाआणे

होईल. माझ्या मते गिटपेक्षाही हा उपयोग मोठा आहे. फॉर्म मजकुरात आला म्हणजे जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारा कुठलाही परिवर्तक त्यावर चालवता येतो. फॉन्टनेम ही ओळ बघायची, ती जुन्या फॉन्टाची असेल तर त्या नियंत्रणाची कॅप्शन बदलायची, फॉन्टनेम मंगल किंवा निर्मला यूआय करायचा, लोडफ्रॉमटेक्स्टने परत आत.

पण एक खाच आहे. ॲक्सेस प्रत्येक लेबलासाठी सगळे गुणधर्म लिहीत नाही. फॉर्मच्या सुरुवातीला 'बिगिन लेबल' असा एक ठोकळा येतो, तो प्रत्यक्ष लेबल नसून त्या फॉर्मवरच्या लेबलांसाठी ठरवलेली मूळ मूल्यं असतात. पुढे खऱ्या लेबलाखाली फक्त मूळ मूल्यापेक्षा वेगळं तेवढंच लिहिलं जातं. ज्याने फॉर्म बनवला त्याने सुरुवातीलाच सुरेख हा मूळ फॉन्ट ठरवला असेल, तर पुढच्या लेबलांखाली फॉन्टनेमची ओळच नसेल. फक्त ती ओळ शोधणारी स्क्रिप्ट निम्मी लेबलं तशीच सोडेल, आणि मूळ ठोकळ्यातला फॉन्ट बदलला असेल तर त्या लेबलांवर खिचडी उघड्यावर येईल. तेव्हा आधी मूळ ठोकळा वाचा, त्याची मूल्यं लक्षात ठेवा, मग खाली उतरा. टेक्स्टबॉक्स, कॉम्बोबॉक्स, बटण यांचे ठोकळे वेगवेगळे.

टेक्स्टबॉक्स म्हटल्यावर हेही: टेबलांतला डेटाही त्याच फॉन्टात असणार. आधी डेटा, मग पडदे. नाहीतर मधल्या काळात पडद्यावर नाव मंगलमध्ये आणि आत जुनी अक्षरं.

पाटीपेन्सिल

हे सोनं आहे. आमच्याकडे तसंच आहे, वर एकदाच फॉन्ट आणि खाली कुठेच नाही.

ऱ्हस्व वेलांटीचं मी बघतो, तिथे परिवर्तक हमखास घोळ घालतात. जुन्या फॉन्टात वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवावी लागते. 'स्थिती'सारखं जोडाक्षर आलं की ती अख्ख्या जोडाक्षरापलीकडे न्यायची. रफारही तसाच उलट्या दिशेने फिरवायचा.

आणखी एक. मंगल आला की मजकूर पसरतो आणि लेबलात कापला जातो. फाइलीतच विड्थ वाढवली तर चालेल?

सोळाआणे

चालेल. विड्थ, हाइट, लेफ्ट, टॉप सगळं ट्विपमध्येच आहे. खाली लेआउटकॅश्ड अशी सुरुवात असलेल्या चार ओळी दिसतील, २००७ पासून आलेल्या. त्यांच्या नावावर जाऊ नका. समजा लेफ्ट १८००, टॉप १२०, विड्थ २४००, हाइट ३१५ आहे. लेआउटकॅश्डविड्थ ४२०० दिसेल आणि लेआउटकॅश्डहाइट ४३५. म्हणजे रुंदी-उंची नाहीच, उजव्या आणि खालच्या कडेची जागा आहे: १८०० अधिक २४००, १२० अधिक ३१५. विड्थ बदललीत तर तीही त्याच हिशेबाने बदला, म्हणजे पुढच्या निर्यातीत उगाच फरक दिसणार नाही.

मांडवी

गोव्यातून. तुमचं फॉर्मचं चाललंय, मी डेटाच्या निर्यातीतली एक दडलेली जागा सांगतो. ट्रान्सफरटेक्स्टने सीएसव्ही काढताना आपण 'स्पेसिफिकेशन'चं नाव देतो ना, ते स्पेसिफिकेशन राहतं कुठे? नॅव्हिगेशन ऑप्शन्समध्ये 'शो सिस्टिम ऑब्जेक्ट्स' चालू करा. एमएससिसआयएमईएक्सस्पेक्स आणि एमएससिसआयएमईएक्सकॉलम्स ही दोन टेबलं दिसतील. विझार्डच्या 'ॲडव्हान्स्ड' खिडकीतून एक तरी स्पेसिफिकेशन साठवल्याशिवाय ती जन्मालाच येत नाहीत. पहिल्यात तारखेचा क्रम, विभाजक, दशांश चिन्ह. दुसऱ्यात प्रत्येक रकान्याचं नाव, सुरुवात, रुंदी.

पहिल्या टेबलात फाइलटाइप असा एक रकाना आहे. नाव फाइलीच्या प्रकाराचं, आत कोड पेज. यूटीएफ-८ निवडलं की तिथे उणे ५३५ दिसतं. रकाना १६ बिटांचा चिन्हासकट पूर्णांक आहे, त्यात ६५००१ मावत नाही, म्हणून ६५००१ वजा ६५५३६. हे कळलं की विझार्ड न उघडता एका अपडेट क्वेरीने सगळी स्पेसिफिकेशनं यूटीएफ-८ वर नेता येतात. आधी प्रत काढून ठेवा, सिस्टिम टेबल आहे ते.

खतावणी

मांडवी, मग हेही ठाऊक असेल: सीएसव्हीत व्याजदर दोन दशांशांवर का येतो? आमच्याकडे ८.३७५ चा दर बाहेर ८.३८ होऊन जातो. टेबलात फील्ड डबल (दशांश संख्येचा प्रकार), मूल्य बरोबर.

मांडवी

ठाऊक म्हणजे काय, त्याच्यापायी रात्री जागवल्यात. ट्रान्सफरटेक्स्ट डबल आणि सिंगल फील्ड लिहिताना विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमधली दशांशानंतरच्या अंकांची संख्या पाळतं. ती सहसा दोन असते. फील्डच्या स्वतःच्या फॉरमॅटकडे ते ढुंकूनही पाहत नाही. टेबल थेट पाठवू नका. मध्ये क्वेरी घाला आणि त्यात दर फॉरमॅट फंक्शनने तीन दशांशांचा मजकूर करून द्या. मजकूर झाला की त्याला कोणी हात लावत नाही. मजकुराभोवती अवतरणं येतील, ती स्पेसिफिकेशनमध्ये बंद करा.

करन्सी फील्डचं आणखी एक. त्यात आकड्यासोबत चलनचिन्हही बाहेर पडतं. रुपयाचं चिन्ह २०१० साली ठरलं, ते १२५२ कोड पेजमध्ये नाही. सेटिंगमध्ये ₹ आणि निर्यात एएनएसआयमध्ये असेल तर रकमेआधी प्रश्नचिन्ह. समोरच्या बँकेची प्रणाली ती फाइल घेत नाही आणि का घेत नाही तेही सांगत नाही. याही फील्डला क्वेरीतच मजकूर करा.

ओसरी

रुमालाचं चीज झालं. आता गिटचं सांगा ना कोणीतरी. यूटीएफ-१६ ची फाइल टाकली की गिट फरक दाखवतच नाही, 'बायनरी फाइल वेगळ्या आहेत' एवढं म्हणून मोकळं होतं.

जोडाक्षर

गिट फाइलीच्या सुरुवातीच्या भागात शून्य बाइट शोधतं. यूटीएफ-१६ मध्ये इंग्रजी अक्षरामागे एक शून्य बाइट असतोच, म्हणून ती बायनरी ठरते. निर्यात झाल्याबरोबर यूटीएफ-८ करा, आयातीआधी परत बीओएमसह यूटीएफ-१६. किंवा गिट २.१८ पासून गिटॲट्रिब्यूट्समध्ये वर्किंग-ट्री-एन्कोडिंग देता येतं, मग हे रूपांतर गिटच करतं. मी पहिला रस्ता धरते, कारण स्वच्छ करायची स्क्रिप्ट तशीही चालवायची असते.

अहवालांवर संस्थेचं बोधचिन्ह चिकटवलं असेल तर त्याआधी तेही बघा. पिक्चरडेटाखाली अख्खं चित्र हेक्समध्ये उतरतं. एका बाइटाची दोन अक्षरं, यूटीएफ-१६ मध्ये अक्षराला दोन बाइट, म्हणजे चित्र चौपट. शंभर केबीचं बोधचिन्ह प्रत्येक अहवालात चारशे केबी. २०१० नंतरच्या इमेज गॅलरीतून चित्र लावलं तर फाइलीत फक्त त्याचं नाव येतं, फाइल सडसडीत. पण मग चित्र एमएससिसरिसोर्सेस या सिस्टिम टेबलात असतं आणि सेव्हॲजटेक्स्ट ते बाहेर काढत नाही. ते वेगळं सांभाळा.

अर्धविराम

क्वेरीच्या फाइली पाहिल्या. काहींत सरळ एसक्यूएल (डेटाबेसला विचारायची भाषा) आहे, मध्येमध्ये ०१५ आणि ०१२ असे आकडे. काहींत एसक्यूएल नाहीच, 'बिगिन इनपुटटेबल्स', 'बिगिन आउटपुटकॉलम्स' असं सुटं सुटं. असं का?

सोळाआणे

०१५, ०१२ हे अष्टमानातले १३ आणि १०, म्हणजे ओळ संपल्याची दोन अक्षरं. ती तशीच राहू द्या, तुमच्या स्क्रिप्टने 'सुधारली' की आयात अडते. सुटे तुकडे असलेल्या क्वेऱ्या डिझाइन दृश्यातल्या. त्यात टेबलांच्या चौकटी पडद्यावर कुठे ठेवल्या होत्या तेही खाली लिहिलेलं असतं. चौकट जरा सरकवली की गिटमध्ये बदल. आम्ही क्वेरीच्या फाइलीबरोबर डीएओ या डेटाबेस हाताळणाऱ्या लायब्ररीच्या क्वेरीडेफमधून नुसतं एसक्यूएल वेगळ्या फाइलीत काढतो. माणसांनी वाचायला ते, आत घ्यायला मूळ फाइल.

ओसरी

लोडफ्रॉमटेक्स्ट त्याच नावाचा फॉर्म आधीच असेल तर विचारतं का?

खतावणी

विचारत नाही, चूपचाप जुन्याच्या जागी नवा बसवतं. म्हणून नेहमी रिकाम्या डेटाबेसात आयात करून बघा. फाइलीत काही खटकलं तर २१२८ क्रमांकाची चूक येते आणि डेटाबेसच्याच फोल्डरमध्ये एरर्स.टीएक्सटी तयार होते. तिच्यात कितव्या ओळीवर अडलं ते असतं. ती उघडल्याशिवाय अंदाज बांधत बसू नका. २००१ क्रमांकाची 'तुम्ही आधीची क्रिया रद्द केली' अशी चूक आली तर मात्र हाती काहीच लागत नाही. वस्तूचं नाव किंवा प्रकार चुकला असेल तरी तेच, वस्तू बिघडलेली असेल तरी तेच.

एसीसीडीई या कुलूपबंद फाइल प्रकारातून फॉर्म, अहवाल, मॉड्यूल निघत नाहीत, तिथे मूळ कोडच काढून टाकलेला असतो. नावांत तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह असेल तर ॲक्सेसला चालतं, विंडोजच्या फाइलीला नाही. तिथे आपली काहीतरी पर्यायी खूण ठरवा आणि ती दोन्ही दिशांना पाळा.

वरच्या सगळ्यांचं ऐकून स्क्रिप्ट अशी लावली आहे: चेकसम, डेव्हमोड, डेव्हनेम्स, नेममॅप, जीयूआयडी उडवायचं, एमआयपी ठेवायचं, यूटीएफ-८ करायचं. मग रिकाम्या डेटाबेसात आयात, तिथून पुन्हा निर्यात, पुन्हा तीच सफाई, आणि दोन्ही फाइलींची तुलना. बहुतेक फॉर्म अक्षरशः जुळले. जे जुळले नाहीत त्यांत कोडातल्या चलांच्या नावांतली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं बदललेली. व्हीबीए एकाच नावाचं रूप सगळीकडे सारखं करतं, त्यामुळे कोणी एका मॉड्यूलमध्ये वेगळी अक्षरं टंकली की बाकीच्यांतही बदल. त्यावर स्क्रिप्टचा इलाज नाही. संघातल्या सगळ्यांनी एक पद्धत धरायची.

पाटीपेन्सिल

ज्या ॲक्सेस फाइली उघडताना अधूनमधून कोसळतात त्यांना हा मार्ग चालेल का? आमचा एक फॉर्म डिझाइनमध्ये उघडला की ॲक्सेस बंदच पडतं.

सोळाआणे

चालवून बघा. बिघडलेल्या फॉर्मवर हा जुना उतारा आहे. फॉर्म न उघडता व्हीबीए एडिटरच्या इमिजिएट विंडोतून सेव्हॲजटेक्स्ट चालवा. फाइल निघाली तर नव्या डेटाबेसात लोडफ्रॉमटेक्स्टने घ्या. आतला बिघाड मजकुरात उतरत नाही, फॉर्म नव्याने बांधला जातो. फाइल अर्धवट निघाली तर जिथे तुटली त्याच्या आगेमागेचं नियंत्रण संशयित. बिघाड कोडात असेल तर त्याआधी एमएसॲक्सेस.ईएक्सईला डीकंपाइल हा स्विच देऊन फाइल उघडा, तोही असाच कागदावर नसलेला. मग कॉम्पॅक्ट, मग निर्यात. मूळ फाइलीची प्रत आधी बाजूला ठेवा.

पाटीपेन्सिल

इमिजिएटमधून निघाली! वर खिचडी कॅप्शनसकट, पण निघाली. आता फॉन्टाच्या मागे लागतो.